रिवाइंड करून आणा

खणभागात माझी व्हिडिओ लायब्ररी होती,
सात बाय नऊची. शेजारी भडंगवाला.
कॅसेट घरी नेली तरी लसणाचा वास यायचा,
अशी लोकांची तक्रार. मी ती जाहिरात समजायचो.

तू विचारतेस, काका, काय बघू?
मी विचारतो, महिना कुठला?

चैत्र संपत आला, हळदीची धूळ वखारींतून निघून
अख्ख्या पेठेला शिंकवायला लागली
की मी बर्फाचा द्यायचो.
त्यात फारसं घडत नाही.
एक माणूस हरवलेली शेळी शोधतो,
तासभर नुसता चालतो पांढऱ्यातून.
हमाल मंडळी उघड्या अंगानं बसून बघायची.
बंडू ऐवळे म्हणाला, "गोष्ट काय कळली न्हाई, पण गार वाटलं."
याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

गळीत हंगामात उलटं.
रात्रभर उसाच्या ट्रॉल्या, त्यांचे कर्णे,
झोप कुणाला येते?
तेव्हा दोन कॅसेटींचा घ्यावा,
ज्यात तीन पिढ्या एका विहिरीवरून भांडतात.
मध्ये उठून चहा करता येतो.
परत आलं तरी भांडण तिथंच असतं.

दहावीच्या परीक्षेत घरोघरी टीव्हीला कुलूप.
म्हणून आयाच यायच्या, पोरं पेपरला गेल्यावर,
पदराखाली पिशवी.
त्यांना मी खुनाचा द्यायचो,
आवाज बारीक करून बघण्याजोगा.

आषाढ-श्रावणात शिफारस नाही.
आयर्विनखाली पाणी चाळिशीला टेकलं
की या गावात सगळे एकच पिक्चर बघतात,
पुलाच्या कठड्याला उभे राहून.
दोन हजार पाचला तो दुकानात आला.
नंतर फिती वाळत घातल्या तारेवर,
काळ्या, चकचकीत, मैलभर.
चिमण्या बसायला बिचकायच्या.

एक सांगायचं राहिलं.
मी कुठल्याच पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता.
दुकानातल्या टीव्हीवर वीस मिनिटं व्हायची, तेवढ्यात गिऱ्हाईक.
शेवट मला कळायचे परत करणाऱ्यांच्या तोंडावरून,
आणि पद्मावतीबाई मगदूम यांच्याकडून.
शाळा सुटली की थेट यायच्या,
छत्री दाराशी टेकवायच्या,
कॅसेट काउंटरवर, न चुकता रिवाइंड केलेली,
आणि उभ्या-उभ्या शेवट सांगायच्या,
वाणसामानाचा हिशेब द्यावा तसा.

पितृपंधरवड्यातला मी त्यांच्याच शब्दावर द्यायचो.
मुलगा रुसून घर सोडतो.
आई रोज एक ताट जास्त वाढते.
"येतो तो," बाई म्हणाल्या, "अगदी शेवटी.
चेहरा नाही दाखवत. नुसत्या चपला, उंबऱ्यापाशी."
पुढं पुरापर्यंत, सगळ्यांना,
मी त्या चपलांचं सांगत राहिलो.
नेणाऱ्यांपैकी एकानंही
परत देताना अक्षर काढलं नाही.

परवा लेकीच्या पोरानं मोबाइलवर शोधून दिला.
आयुष्यात पहिल्यांदा एक पिक्चर पूर्ण पाहिला.
चपला नाहीत.
आई ताट घासते, फळीवर पालथं घालते,
आणि नावं यायला लागतात.

मी बोटांवर साल मोजलं.
बाईंनी सांगितलं ते भाद्रपदात.
आमचा बसू निघून गेला होता आषाढात.
दुकानात मी कुणाला बोललो नव्हतो.
पण दोन महिने पाटी उलटी लागली होती दाराला,
"बंद" बाहेर, "चालू" आत,
आणि मी आत बसलेला.
मास्तरीणबाईंना पाट्या वाचायची सवय.

तर, तू विचारलंस म्हणून.
आता बर्फाचा बघ, ऊन आहे.
भाद्रपदात मात्र तो ताटाचा.
आई ताट उचलेल, तिथं थांबव
आणि मला फोन कर.
पुढचं मी सांगतो.